आईला आधी बसायला देणाऱ्या लिस्बनच्या गाइड बाईंना

प्रिय बाई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही हसून हात हलवलात, त्याचा अर्थ मी ‘नको’ असा घेतला. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात. पहिल्या अर्ध्या तासातच आई तुम्हाला बाई म्हणायला लागली, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याचा अर्थ मात्र तेव्हा सांगायचा राहिला. आईने तीस वर्षं वसईत इतिहास शिकवला. आज ती बाजारात गेली तर भाजीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे तिला बाई म्हणतात. ती स्वतः मात्र हा शब्द फार जपून वापरते.

या पत्रातला मजकूर थोडक्यात इंग्रजीत तुम्हाला वेगळा पाठवला आहेच. तरी हे मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आमच्याकडची माणसं आता आईवडिलांना घेऊन युरोपला जायला लागली आहेत. म्हाताऱ्या माणसाला शहर कसं दाखवतात ते त्यांनाही कळू दे.

लिस्बनच्या आधी आम्ही दुसऱ्या एका शहरात होतो. तिथे पस्तीस जणांच्या घोळक्यात फिरलो. सगळ्यांच्या कानात यंत्र, आणि पुढे उंच धरलेली छत्री. आईचा एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायचा आहे. ती मागे पडत गेली, कानातला आवाज खरखरत गेला, आणि एका चौकात तो बंदच झाला. मी तिला शोधत मागे आले तेव्हा ती एका दुकानाच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, “तू जा त्यांच्याबरोबर, मी बघते माणसं.” त्या रात्री मी तुम्हाला निरोप पाठवला. खासगी गाइड घेणं म्हणजे पैशाचा माज, असं आमच्या घरात एक मत होतं (माझ्या नवऱ्याचं). ते मत मी विचारातच घेतलं नाही.

तुमचं उत्तर मी अजून जपून ठेवलं आहे. काय काय बघायचंय, हे तुम्ही विचारलंच नाहीत. गुडघा कोणता, डावा की उजवा? घरी किती पायऱ्या चढतात? चढण जास्त दुखते की उतार? आणि शेवटी, आई काय काम करायच्या? मी लिहिलं, इतिहासाच्या शिक्षिका, गाव वसई. त्यावर तुमचा एकच शब्द आला: “बसाईं!” आमच्या वसईचं तुमच्याकडचं नाव. आईला तो दाखवला तर ती चष्मा लावून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

लिस्बन सात टेकड्यांचं शहर आहे असं सगळे सांगतात. या टेकड्या न चढताही चढता येतात, हे तुम्ही दाखवलंत. नदीकाठच्या तेरैरू दु पासू चौकातून निघालो. शियादूच्या चढावर जायचं होतं, तर तुम्ही आम्हाला मेट्रोच्या स्टेशनात नेलंत. मी म्हटलं, मेट्रोने कशाला? पण गाडी पकडायचीच नव्हती. खालच्या दारातून आत शिरायचं, एकामागून एक सरकत्या जिन्यांवर उभं राहायचं आणि वरच्या चौकात बाहेर पडायचं. नंतर किल्ल्याच्या टेकडीसाठी तर आणखी कमाल: रुआ दुश फांकैरुश या गल्लीत एका साध्या इमारतीचं दार, आत सार्वजनिक लिफ्ट, फुकट, तिच्यातून वर निघून चार पावलं चाललं की दुसरी लिफ्ट. फांकैरुश म्हणजे कापडाचे व्यापारी, असं तुम्ही सांगितलंत. शेजारच्या गल्ल्या सोनारांच्या, चांभारांच्या, खोगीर-लगाम करणाऱ्यांच्या. आई म्हणाली, म्हणजे आपल्या पेठाच की!

पण या पेठा सरळ रेषेत आखलेल्या का, ते तुम्ही चौकातल्या बाकावर आईला बसवून सांगितलंत. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. माणसं पडत्या घरांपासून पळत नदीच्या मोकळ्या काठावर आली, तर नदीतून लाटा आत आल्या. आणि शहरात मेणबत्त्यांनी, चुलींनी लावलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं. शेजारीच ‘काझा दा इंदिया’ होती, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, तीही गेली. आई हळूच म्हणाली, “किल्लारी.” मग तुम्हाला समजावलं: ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. तिच्या शेजारी बाकावर बसलात. नंतर नव्या घरांच्या भिंतींमध्ये भूकंपासाठी लाकडाचा पिंजरा कसा बसवत, ते हाताची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलंत. तो पिंजरा मला त्या बोटांमुळेच कळला.

आता मुख्य गोष्ट. कार्मूच्या चर्चमध्ये काय झालं, त्यासाठीच हे पत्र आहे.

तिथलं छप्पर १७५५ मध्ये कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी उभ्या, आणि वर उघडं आभाळ. दारातून आत पाऊल टाकताच आई थबकली. “अगं, हे तर आपलं सेंट जोसेफ!” वसईच्या किल्ल्यात मोडक्या बुरुजाचं, बिनछपराचं मोठं चर्च आहे, लहानपणापासून आम्ही त्याच्या सावलीत डबे खाल्ले. मी ते तुम्हाला भाषांतर करून सांगितलं. दुसरा कुणी गाइड असता तर “हो का, छान” म्हणून पुढच्या खांबाकडे वळला असता. त्याचं ठरलेलं भाषण पुरं व्हायचं असतं. तुम्ही आईसाठी बसायची जागा शोधलीत, तिला बसवलंत, स्वतः समोर दगडावर बसलात आणि विचारलंत, “तुमचं छप्पर कशाने पडलं?”

आई जरा अवघडली. मग म्हणाली, “सुरुवात आम्ही केली.”

आणि पुढची वीस मिनिटं तिने वर्ग घेतला. तिचं इंग्रजी अडखळत होतं, अडलं की माझ्याकडे बघायची. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई तुमच्या लोकांना दिली. दोनशे वर्षांनी चिमाजीअप्पांनी वेढा घातला, सुरुंग लावले, तट फोडला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. किल्ला हाती येत नसेल तर माझं डोकं तरी तोफेत घालून आत टाका, असं अप्पा म्हणाले ही गोष्ट तिने सांगितली, आणि ती बहुधा दंतकथा असावी हेही लगेच सांगितलं. वर्गातही ती दोन्ही सांगायची. मग मे १७३९, तह. तुमच्या शिबंदीला शस्त्रं आणि बायकामुलांसह मानाने बाहेर जाऊ दिलं. हे सांगताना तिने तुमच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू ते तिनेच जाऊ दिलं होतं.

तुम्ही वही काढलीत. बाई, हे मी विसरणार नाही. तुमच्या शाळेत ‘प्रोव्हिन्सिया दु नॉर्त’ (उत्तर प्रांत, म्हणजे आमच्या वसईकडचा मुलूख) गेला एवढीच ओळ होती, म्हणालात. कुणी घेतला, कसा घेतला, काही नाही. मग एकेक नाव आईकडून परत म्हणवून घेतलंत. चिमाजी. अप्पा. आईने सांगितलं की तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात अशी एक मोठी घंटा आहे, तिच्यावर पोर्तुगीज अक्षरं आहेत, साल १७२१. “अजून वाजते?” तुम्ही विचारलंत. आई म्हणाली, नाशिकमध्ये मोठ्याने बोलणाऱ्याला आम्ही नारोशंकराची घंटाच म्हणतो. तेव्हा तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की तिथला पहारेकरी वळून बघायला लागला.

आई शाळेतून निवृत्त झाली त्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिला कुणी इतिहासातला प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलेला नाही. मी तिच्या गोळ्यांच्या वेळा विचारते.

बाहेर चौकात आल्यावर तुमची पाळी आली. २५ एप्रिल १९७४. समोरच्या शिपायांच्या मुख्यालयात पंतप्रधान मार्सेलू कायतानू लपला होता, बाहेर तरुण कॅप्टन सालगैरू माया आणि त्याचे सैनिक. रेडिओवरून सांगत होते, घरात राहा. आणि सगळं शहर रस्त्यावर. बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं. तुम्ही तेव्हा नऊ वर्षांच्या होतात. फुलं तुम्हाला आठवत नाहीत म्हणालात, आई शेजारणीला मिठी मारून रडत होती ते आठवतं. अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात गेली. माझ्या आईने लगेच धागा जोडला: गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण तुमच्या सरकारने ते मान्य केलं, तो करार झाला ३१ डिसेंबर १९७४ ला. याच चौकामुळे. तुम्हाला तारीख माहीत नव्हती आणि तसं तुम्ही सरळ सांगितलंत. वहीत आणखी एक ओळ.

रोस्सियूच्या चौकात लाटांसारखी काळी-पांढरी फरसबंदी आहे, तिच्यावर फोटो काढून आम्ही पुढे गेलो असतो. तुम्ही थांबवलंत. समोरचं राष्ट्रीय नाट्यगृह दाखवून म्हणालात, इथे इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. कोपऱ्यावरच्या साँव दोमिंगुश चर्चमध्ये नेलंत. १९५९ च्या आगीत तडकलेले, काळवंडलेले खांब आत तसेच ठेवले आहेत. बाहेर १५०६ मध्ये धर्मांतरित ज्यूंच्या झालेल्या कत्तलीचं स्मारक. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं हे आम्हाला ठाऊक आहे, हेही तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही आवाज खाली आणला नाहीत, पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून गोड केलं नाहीत, की आपल्याच देशाची माफी मागत बसला नाहीत. जे झालं ते त्या जागी उभं राहून सांगितलंत. आमच्याकडे असं सांगणारे गाइड मला फार भेटलेले नाहीत. किल्ला आपला असला की आपल्या चुका तटाबाहेर राहतात.

त्यानंतर मात्र आईला भूक लागली. कोपऱ्यावरची चेरीची दारू तिने नुसती हुंगली. रस्त्यावर भाजत असलेले चेस्टनट कागदाच्या पुडीत घेतले. शिंगाड्यासारखे लागतात, असा निकाल दिला. तिथेच दोन कामगार फरसबंदीचे दगड हातोडीने ठोकून बसवत होते. आईने त्यांच्या घमेल्याकडे बोट दाखवून आमचा शब्द सांगितला. “गामेला!” तुम्ही ओरडलात. तुमची आजी लाकडी गामेलात कणीक मळायची. चावी, साबण, पाव, बटाटा हे तर ठरलेले शब्द, कुठल्याही गोव्याच्या सहलीत ऐकायला मिळतात. पण घमेलं दोघींनी रस्त्यात शोधलं.

साँव व्हिसेंत द फोरा तुमच्या मूळ बेतात नव्हतं. ब्रागांसा या तुमच्या राजघराण्याच्या थडग्यांत कातारिना आहे, असं तुम्ही सहज म्हणालात आणि आई म्हणाली, चला. १६६१ च्या लग्नाच्या तहात जिच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, ती राणी. राजाने १६६८ मध्ये ती बेटं कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. आई त्या दगडासमोर काठी टेकून उभी राहिली. “बिचारी,” म्हणाली. “हिला तरी कुठे माहीत होतं, काय घेऊन चाललीय ते.” विरार लोकलमधून तीस वर्षं प्रवास केलेल्या माझ्या मनात वेगळे विचार आले, ते जाऊ देत.

तीन तास ठरले होते, पाच झाले. शेवटी अठ्ठावीस नंबरच्या ट्रामने खाली उतरवलंत आणि काझा दुश बिकुश दाखवलंत, दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड असलेलं घर. गोवा जिंकणाऱ्या अफोन्सू द अल्बुकर्कच्या मुलाने १५२३ मध्ये बांधलेलं. त्या अफोन्सूवरून आमच्या आंब्याला हापूस म्हणतात असं सांगतात, हे ऐकून तुम्ही भिंतीकडे नव्याने बघितलंत. जास्तीच्या दोन तासांचे पैसे मी पुढे केले, तर तुम्ही वही हलवून दाखवलीत. आजचा हिशेब बरोबर आहे, म्हणालात. मला त्या वेळी नीट आभारही मानता आले नाहीत, कारण आई तुमचा हात सोडत नव्हती.

आता एक काम आहे. आईने शेजारच्या दोन मुलांना जमवून रविवारी किल्ल्यात न्यायला सुरुवात केली आहे. काठी घेऊन, मध्ये मध्ये बसत. ती तुमच्यासारखी आधी बसायची जागा हेरते आणि मग गोष्ट कुठे सांगायची ते ठरवते. मुलांनी विचारलं, घंटेवर लिहिलंय काय? तिला सांगता आलं नाही. येत्या महिन्यात आम्ही नाशिकला जाणार आहोत. घंटेवरच्या अक्षरांचे जवळून फोटो काढून पाठवते. जुनी पोर्तुगीज आहे, सवडीने वाचा आणि कळवा. आई वाट बघेल.

तुमची,
वसईच्या बाईंची मुलगी