सिंधुपाल्चोकच्या भिंती उचलणाऱ्या हातांचे आभार

२५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर नेपाळच्या सिंधुपाल्चोकमध्ये घरं बांधायला बाहेरून गेलेल्या आम्हा स्वयंसेवकांकडून, ज्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत त्यांचे मनापासून आभार.

आधी गावातल्या डकर्मींचे, म्हणजे गवंड्यांचे. दगड-मातीची भिंत आतून दोन पाळ्यांची, म्हणजे दगडांच्या दोन उभ्या थरांची असते. हादऱ्यात त्या एकमेकींपासून सुटतात, फुगतात आणि कोसळतात. आपल्या किल्लारीत १९९३ साली हेच झालं. म्हणून दर दोन फुटांवर भिंतीच्या पूर्ण रुंदीचा आरपार दगड हवा. तो घडवणं जिकिरीचं, पण डकर्मींनी एकही चुकवला नाही. भिंती एकत्र बांधून ठेवणारा काँक्रीटचा आडवा पट्टा असतो. कोपऱ्यावर आम्ही तोडून ठेवलेल्या त्या पट्ट्याच्या सळया त्यांनी काढायला लावल्या. सळई कोपऱ्यातून वळवून पुढच्या सळईवर दोन फूट चढवायची, नाहीतर पट्टा नेमका तिथेच उघडतो. हे त्यांनी न रागावता शिकवलं.

काँक्रीटमध्ये पाणी वाढवलं की कालवणं सोपं, पण पट्टा कच्चा. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी, हे बादलीवर खूण करून सांभाळणाऱ्या ताईंचेही आभार. पुढे सात दिवस ओली पोती पट्ट्यावर टाकून तो भिजता ठेवणारी शाळकरी मुलं होती. ते पाणी खालच्या धाऱ्यावरून, म्हणजे गावच्या पाणवठ्यावरून, चढाने यायचं.

आणि डोकोत, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत दगड, कपाळावर ती पेलणारा पट्टा, नाम्लो, अशा वाटेने वर येणाऱ्या दिदी. रस्ता संपायचा, तिथून पुढे सगळं घर त्यांच्याच पाठीवर चढलं.