आता मिशनरी विलायतेला लागतायत

मा. संपादक साहेब, सप्रेम सलाम.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात इंग्लंडमधली चर्चेस बंद पडून तिथे फ्लॅट आणि पब झाल्याची बातमी आली आणि ती फोटोसकट आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्यांदा फिरली की शेवटी मी ग्रुप म्यूट केला. खाली एकाने हसायचे इमोजी टाकून लिहिलेलं, "आपल्याला शिकवायला आले होते, आता यांचंच दुकान बसलं." मी मिशन कंपाउंडात वाढलेला निवृत्त मास्तर, नगरचा (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), त्यामुळे थोडं लागलं म्हणा.

बातमी खोटी नाही, हे आधीच सांगतो. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, दहा वर्षं आधी ५९.३ होते. स्कॉटलंडमध्ये तर २०२२ ला ५१.१ टक्के लोकांनी धर्म नाही असंच लिहून दिलं, आणि हे तेच स्कॉटलंड जिथून जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत आले, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे.

पण बातमी अर्धी आहे. मुलगी बर्मिंगहॅमला नर्स आहे, गेल्या वर्षी तिच्याकडे चार महिने होतो, तेव्हा उरलेली अर्धी थोडी बघायला मिळाली.

त्याच शहरात विन्सन ग्रीन नावाची गरीब वस्ती आहे, तिथे तुरुंगाच्या समोर एक छोटी मंडळी (एका चर्चला जमणाऱ्यांना आम्ही मंडळी म्हणतो) होती, बंदच पडायच्या बेतात, आणि ती सांभाळायला घेतली कोणी तर लेस्ली न्यूबिगिन या इंग्रज मिशनऱ्याने, वयाच्या सत्तरीत. हे १९३६ ला मद्रासकडे आलेले, तमिळ शिकले, कांचीपुरमला रस्त्यात उभं राहून बोलायचे, आणि रामकृष्ण मिशनच्या मठात जाऊन तिथल्या लोकांबरोबर एका आठवड्याला उपनिषद, दुसऱ्या आठवड्याला बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान असं वाचत बसायचे. १९४७ ला बिशप झाले. १९७४ ला नवरा-बायको मायदेशी निघाले ते विमानाने नाही, मिळेल ती बस पकडत, दोन सुटकेस आणि एक पाठपिशवी घेऊन. आणि एवढी वर्षं इथे काढलेला हा माणूस म्हणतो की इंग्लंडमधलं काम भारतातल्यापेक्षा अवघड आहे, कारण विरोध झाला तर त्याला तोंड देता येतं पण थंड तुच्छतेचं काय करायचं. परत आल्यावर सगळ्यात जड काय गेलं असं विचारलं तर म्हणाले, इथली आशाच नाहीशी झालीय.

हे मला तिथे गेल्यावर कळलं. नगरला धर्माचा विषय काढा, टपरीवर दोन तास कुठे जातात समजत नाही, भांडण झालं तरी माणूस बोलतो. तिथे शेजारच्या आजोबांना मी सहज विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चला जाता, तर असे बघायला लागले की जसं काही मी बँकेतला बॅलन्सच विचारला.

आता तिथले लोक हातावर हात ठेवून बसलेत असंही नाही. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये १९७७ ला ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा अल्फा कोर्स सुरू झाला, आधी जेवण, मग एक भाषण, मग गप्पा, काय वाट्टेल ते विचारा. हेच चर्च आपली काही माणसं आणि एक पाळक (म्हणजे पाद्री) उचलून दुसरीकडच्या मरायला टेकलेल्या चर्चमध्ये पाठवतं, आपण विरजण लावतो ना तसं. ब्रायटनचं सेंट पीटर्स बंद करायचं घाटत होतं, २००९ ला तिथे हे विरजण लावलं आणि ते लागलं. यालाच ते चर्च प्लांटिंग म्हणतात.

मला मात्र सगळंच पटलं नाही. स्टेज, लाइट, गिटार असलेल्या एका मोठ्या उपासनेला मी गेलो, तरुण पोरं खच्चून भरलेली, बरं वाटलं, पण बाहेर कॉफी घेताना पाच-सहा जणांना विचारलं तर सगळी दुसऱ्या कुठल्या तरी मंडळीतून उठून इकडे आलेली. शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी आपल्या टाकीत ओढायचं आणि यंदा पाऊस चांगला झाला म्हणायचं, असला प्रकार. तिकडे खेड्यात एकेका पाळकाकडे पाच-पाच, सहा-सहा चर्चेस आणि तो बिचारा गाडी घेऊन पळतोय. २०२१ ला चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दहा वर्षांत दहा हजार नव्या मंडळ्या अशी योजना पुढे आली, बहुतेक घरातल्या, पाळक नसलेल्या साध्या श्रद्धावान लोकांनी चालवायच्या, आणि मांडणाऱ्याने इमारती न् पगारी पाळक ही वाढीतली अडचण आहे असं बोलून ठेवलं, मग काय, गदारोळ! त्याच वर्षी गावोगावची जुनी चर्चेस वाचवायला सेव्ह द पॅरिश नावाची चळवळ उभी राहिली. मी त्यांच्या बाजूचा, कारण माणूस मेल्यावर घरच्यांना फोन करायला कोणीतरी ओळखीचं लागतं, ते काम गिटार नाही करत.

आणि ग्रुपवर हसणाऱ्यांना एक सांगायचंय, बंद पडलेलं प्रत्येक चर्च पब होत नाही. प्रेस्टनचं सेंट इग्नेशियस बंद पडलं होतं, ते आपल्या केरळच्या सिरो-मलबार पंथाच्या कॅथलिक लोकांना मिळालं आणि २०१६ ला त्यांचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. नायजेरियातून आलेल्या रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉडच्या तर ब्रिटनमध्ये शेकडो मंडळ्या आहेत. फक्त यातही मेख अशी की तिथे गोरा माणूस विरळाच दिसतो, म्हणजे आपलेच आपल्यात.

मला वाटतं घोळ भाषेचा आहे. आमच्याकडे आलेले मिशनरी आधी मराठी शिकायला बसायचे, चुकायचे, लोक हसायचे, आणि तरी फुलामुलांच्या कवीला, आमच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना, ख्रिस्त परदेशी कपड्यातच दिसत राहिला म्हणून त्यांनी भजनं केली, कीर्तनं केली आणि १९१७ ला मिशनचा पगारसुद्धा सोडला. इंग्लंडमधल्या पाळकाला वाटतं, मी इथलाच, मला भाषा येते. पण तिथल्या पंचविशीच्या पोराला पाप, तारण, कृपा हे शब्द तमिळइतकेच परके आहेत, त्याच्या आजीला कळायचे, त्याला नाही. आणि एकत्र बसायची भूक तर आहे, नाहीतर २०१३ ला लंडनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी देव नसलेलं चर्च काढलं, गाणी, भाषण, चहा-केक सगळं तेच, त्याला गर्दी कशाला झाली असती.

मुलगी जाते ती मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते, रविवारी पंचवीस-तीस डोकी, बोर्ड पण नाही धड. बुधवारी मात्र सूप-ब्रेड असतं, कोणीही या, प्रवचन नाही, शेवटी पाच मिनिटं प्रार्थना. एका बुधवारी मी डाळ केली (तिखट जरा जास्त झालं) आणि शेजारच्या त्या आजोबांना घेऊन गेलो, एकटेच असतात, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. परवा मुलीचा फोन होता, म्हणाली अजून येतात ते, दर बुधवारी. प्रार्थना सुरू व्हायच्या आत उठून किचनमध्ये जातात आणि सगळ्यांची भांडी घासून ठेवतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर