मधल्या रस्त्याबद्दलही लिहा

महोदय,

सहलींवरचे लेख मी आवडीने वाचतो. पण निघालो आणि पोचलो यांच्यामधला रस्ता त्यांत नेमका गायब असतो. ‘पाच तासांत पोचता येते’ एवढ्यात तो उरकलेला असतो.

मागे आम्ही मुद्दाम महामार्ग सोडून जुन्या घाटरस्त्याने गेलो. मोबाइलमधली बाई पहिला अर्धा तास ‘मागे वळा’ म्हणत राहिली, शेवटी तिला गप्प केले. चढणीला वाऱ्याकडच्या बाजूची घरे उतरत्या छपरांची, बांध दगडी आणि त्यांवर शेवाळाचा जाड थर. खिंड ओलांडून तासभरही झाला नसेल, तोवर छपरे सपाट झाली होती. दगडी बांध जाऊन काट्यांची कुंपणे आली आणि माती तांबडीची काळपट झाली. डोंगर चढताना हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, तिच्यातले पाणी अलीकडेच पडून जाते आणि पलीकडे कोरडा वारा उतरतो. पर्जन्यछायेचा हा धडा शाळेत पाठ केला होता, पण तो छपरांच्या उतारावरून वाचता येतो हे त्या दिवशी कळले.

महामार्गावर हे का दिसत नाही? ताशी शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाते. एवढ्यात एखादे लहान शेत मागे पडते, विहीर दिसेपर्यंत संपते. त्यात दोन्ही बाजूंना भराव, नाहीतर जाहिरातींचे फलक. (गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला तर पुढच्या ट्रकचा मागचा दिवाच. आम्ही चालकाची पाळी बदलत गेलो, भांडणे टळली.)

रस्ता बघण्यासाठीही बांधता येतो. अमेरिकेतील ब्लू रिज पार्कवे हा सुमारे ७५५ किलोमीटरचा डोंगरी रस्ता १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९८७ मध्ये पूर्ण झाला. त्यावर मालवाहू गाड्यांना बंदी आहे, वेगमर्यादाही साधारण ताशी ७२ किलोमीटर. तिथल्याच व्हर्माँट राज्याने १९६८ मध्ये कायदा करून रस्त्याकडेचे जाहिरात फलक हटवले. नॉर्वेने तर असे अठरा रस्ते राष्ट्रीय निसर्गमार्ग म्हणून निवडले आहेत. आपण मात्र रुंदीकरणात आधी झाडांवर खुणा मारतो.

गाव बदलते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्र्याच्या जागी स्लॅब आला तर राहणाऱ्याचे बरेच होते, आपल्या फोटोसाठी त्याने का गळावे? पण तो बदलही कोणीतरी टिपायला हवा. परतीच्या वाटेवर एका बांधावर सौरपट्ट्या होत्या आणि त्यांच्या सावलीत तीन शेळ्या. पुढच्याच शेतात ‘विकणे आहे’ची पाटी.

तेव्हा पुढच्या लेखात मुक्कामाच्या ठिकाणाचा एखादा परिच्छेद कमी करा आणि खिंडीच्या अलीकडे व पलीकडे काय दिसते ते छापा. जमल्यास कुठल्या बाजूच्या खिडकीत बसावे, तेही.

आपला,
एक वाचक