वाघ झोपलेला असतो, त्यात त्याची काय चूक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की वन्यप्राणी उद्यानांची माहिती सगळीकडे छापून येते: उद्यान किती एकरांचे, प्राणी किती, नवीन कोण आले. मुलांना घेऊन जाणाऱ्या घराला त्यातले फारच थोडे कामाला येते. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी तक्रार मात्र ठरलेली असते, ‘वाघ नुसता झोपला होता.’ ही तक्रार बहुधा बारा वाजता आत शिरलेल्यांची असते. सिंह दिवसाचे १६ ते २० तास पडून काढतो, वाघाची हालचाल मुख्यतः पहाटे, संध्याकाळी आणि रात्री. भर दुपारी तो सावलीत आडवा झाला नाही तरच नवल.

म्हणून आधी वेळ साधावी. फाटक उघडताना पोहोचावे आणि पहिल्याच पिंजऱ्यापाशी न रेंगाळता थेट सर्वांत लांबच्या मांसाहारी प्राण्यांकडे जावे. गर्दी फाटकापासून पुढे सरकत येते, त्यामुळे तिकडे तास-दीड तास निवांत मिळतो. तिकीट घेतानाच दोन गोष्टी विचाराव्यात: कोणाला खाणे किती वाजता देतात, आणि आज कोणता प्राणी बाहेर सोडलेला नाही. दुसरा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही; मग रिकाम्या आवारासमोर मुले अर्धा तास डोळे ताणून उभी राहतात. खाण्याच्या वेळेच्या वीस मिनिटे आधी समोर असावे. प्राणी उठतो, येरझारा घालतो, रक्षक ज्या दारातून येतो तिकडे कान लावतो. पोट भरल्यावर तो पुन्हा आडवाच होणार. (एरवी मात्र तासन् तास त्याच वाटेने त्याच वळणावर फिरणारा प्राणी कंटाळलेला किंवा तणावात असू शकतो. मुलाने विचारले तर ‘तो व्यायाम करतोय’ असे सांगू नये.)

दुपार सर्पालयासाठी, मत्स्यालयासाठी आणि निशाचर प्राण्यांच्या दालनासाठी ठेवावी. निशाचर दालनात दिवस-रात्र उलटी केलेली असते. रात्री दिवे लावतात आणि दिवसा अंधार ठेवतात, म्हणजे आपण जातो तेव्हा प्राणी जागे असतात. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला पाचेक मिनिटे तरी लागतात, आणि बहुतेक कुटुंबे दोन मिनिटांत ‘इथे काहीच नाही’ म्हणत बाहेर पडतात. मोबाइलचा दिवा लावला तर डोळ्यांचा सराव मोडतो आणि प्राणी आणखी आत दडतो. आत शिरल्यावर भिंतीशी गप्प उभे राहिले की पाचव्या मिनिटाला फांदीवरचे डोळे दिसू लागतात.

नकाशावरचे पन्नास प्राणी उरकायचा हट्ट धरू नये. लहान मुलांबरोबर सहा-सात पुरेत, पण प्रत्येकापाशी पंधरा मिनिटे. त्या वेळात मुलांना शोधायला काहीतरी द्यावे. जिराफ रवंथ करू लागला की त्याच्या मानेकडे बघायला सांगावे. घास पोटातून उलटा वर चढताना कातडीखाली गोळा सरकताना दिसतो, थोडा वेळ चावणे होते आणि गोळा पुन्हा खाली जातो. हा खेळ दहा वर्षांच्या मुलालाही खिळवून ठेवतो. जिराफ चालू लागला की एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो, उंटही तसाच. घोडा संथ चालताना चारही पाय एकामागून एक टाकतो. मगर तोंड वासून पडलेली असते ती बहुधा अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी, चावायच्या तयारीत म्हणून नव्हे. हत्तीचे कान हलतात तेही त्यासाठीच, कारण कानांमागे रक्तवाहिन्यांचे जाळे असते. वाघाच्या कानामागचा पांढरा ठिपका आणि रोहित पक्ष्याचा उलटा वाकणारा ‘गुडघा’, जो खरे तर घोटा आहे, हे मुलांनी स्वतः शोधलेले बरे. मोठ्यांनी फक्त ‘कुठे बघायचे’ एवढेच सांगावे.

दुर्बीण न्यायची तर मुलासाठी ८×२१ (आठ पट मोठे दाखवणारी, २१ मिलिमीटर भिंगाची) पुरते. १० पट मोठे दाखवणारी दुर्बीण लहान हातात थरथरते आणि दृश्याचा घेरही अरुंद असतो, त्यामुळे प्राणी सापडतच नाही. खाकी कपड्यांची काही गरज नाही. हरणांना नारिंगी आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, त्यांना कळते ती हालचाल आणि आवाज.

काच वाजवणे, शीळ घालणे, ‘उठ रे’ म्हणून ओरडणे याने काय होते? झोपलेला वाघ एकदा डोळा उघडतो आणि पाठ फिरवतो. पुढच्या शंभर जणांना पाठच दिसते. काचेला समांतर पळणाऱ्या लहान मुलामागे मोठे मांजर धावते ते खेळायला नव्हे. पळणारी, बुटकी आकृती पाहून शिकारीची उपजत सवय जागी होते. चिंपांझी दात दाखवतो ते पुष्कळदा भीतीचे चिन्ह असते, हसणे नव्हे. माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवणे म्हणजे त्याच्या भाषेत आव्हान. २००७ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात बोकितो नावाच्या गोरिलाने खंदक ओलांडून एका महिलेला गंभीर जखमी केले. ती नेमाने येत असे, त्याच्याकडे बघून हसत असे, आपली मैत्री आहे असे मानत असे.

सर्वांत जास्त काळजी कठड्याची. त्याची वरची पट्टी नेमकी लहान मुलाच्या डोळ्यांसमोर येते. त्याला काही दिसत नाही, मग ते पट्ट्यांमधून डोके घालते किंवा वर चढते. पालकही फोटोसाठी त्याला उचलून कठड्यावर बसवतात. हे कधीही करू नये. मूल खांद्यावर घ्यायचे तर कठड्यापासून दोन पावले मागे उभे राहून. १९०७ साली कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने जर्मनीत हॅम्बुर्गजवळ उद्यान उघडले, तेव्हापासून गजांऐवजी खंदकाने प्राणी अडवण्याची पद्धत रुळली. मोकळा देखावा मिळतो, पण खंदक प्राण्याला आत ठेवण्यासाठी असतो, माणसाला पडू न देण्यासाठी नव्हे. मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा मुलगा कठडा पार करून गोरिलाच्या खंदकात पडला. मूल वाचले, पण हराम्बे हा १७ वर्षांचा गोरिला गोळी घालून मारावा लागला. भुलीचे इंजेक्शन का दिले नाही, असे त्या वेळी जगभर विचारले गेले. भूल चढायला काही मिनिटे लागतात, आणि सुई टोचल्याबरोबर प्राणी बिथरतो. तेवढ्या वेळात मूल त्याच्या हातात असते.

खायला घालण्याबाबत ‘एका बिस्किटाने काय होतंय’ हा युक्तिवाद नेहमीचा. एका माणसाच्या एका बिस्किटाने काही होत नाही, पण दिवसभरात हजार माणसे येतात. हरीण, नीलगाय, जिराफ यांच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा कुजवतात. पाव, बिस्किटे, धान्य एकदम पडले की तिथे आम्ल वाढते, ते सूक्ष्मजीव मरतात आणि प्राणी चारा टाकतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर दगावतोही. प्लास्टिकची पिशवी त्याहून वाईट. ती रवंथात वर येत नाही, पुढे सरकत नाही, वर्षानुवर्षे तिथेच गोळा होऊन बसते आणि पोट भरल्याचे भासवत प्राण्याला उपाशी मारते. ती बहुतेक वेळा कोणी फेकलेली नसते, वाऱ्याने डब्यातून उडालेली असते. म्हणून डबा उघडायचा तो आवारापासून लांब, आणि मोकळ्या पिशव्या गाठ मारून आपल्याच थैलीत.

स्वतःच्या गाडीतून सफारी असेल तर आत शिरण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे, कारण आत कोणत्याही कारणाने उतरता येत नाही. मागच्या दारांचे बालकुलूप लावावे आणि काचांची बटणे चालकाकडून बंद करावीत. माकडांच्या भागात वायपर आणि अँटेना जाऊ शकतात, हे गृहीत धरावे. मुंगीच्या वेगाने तासभर चालताना इंजिन तापते, तेव्हा रेडिएटरचे पाणी सकाळीच पाहून घ्यावे. गाडी बंद पडली तरी खाली उतरून बॉनेट उघडू नये. धोक्याचे दिवे लावून हॉर्न वाजवावा आणि बसून राहावे. रक्षकांची गाडी फेऱ्या मारतच असते.

शेळ्या-मेंढ्यांना हात लावण्याचा विभाग असेल तर तो शेवटी ठेवावा आणि लगेच साबण-पाण्याने २० सेकंद हात धुवावेत. हातावर चोळायचा जेल इथे पुरत नाही. मळलेल्या हातावर तो नीट चालत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम या जंतूला तर दाद देत नाही. गुरांच्या, शेळ्यांच्या शेणातल्या ई-कोलाय जिवाणूच्या काही जाती पाच वर्षांखालच्या मुलांच्या मूत्रपिंडांना इजा करतात. चोखणी आणि दुधाची बाटली आत नेऊच नये. मूल चुकले तर काय करायचे हेही आधीच ठरवून ठेवावे: त्याने जिथे आहे तिथेच थांबायचे, शोधायला मोठ्यांनी यायचे. त्याच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहावा आणि सकाळी निघतानाच त्याचा एक फोटो काढावा, म्हणजे अंगावरचे कपडे सुरक्षारक्षकाला दाखवता येतात.

आपल्या सुट्टीच्या पानावर एकर आणि प्राण्यांची संख्या छापताना त्याखाली खाणे देण्याच्या वेळा आणि त्या दिवशी बंद असलेले विभाग एवढ्या दोन ओळी देता आल्या तर पाहावे.

आपला,
एक नियमित वाचक