दोन भाषांच्या मुलांना एक रंगमंच द्या: कन्नड आणि संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, कन्नड आणि संस्कृती खाते,
कर्नाटक शासन, बेंगळूर

विषय: बेळगाव सीमाभागातील नववी ते पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलामुलींसाठी तालुकावार द्विभाषिक नाट्यकार्यशाळा

महोदय, सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावला येता तेव्हा इथली भाषा पुन्हा बातम्यांत येते. मोर्चे निघतात, बंदोबस्त लागतो. हे पत्र सीमाप्रश्नावर नाही. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. हे पत्र चौदा ते अठरा वयाच्या मुलांबद्दल आहे. ही मुले एकाच मैदानात क्रिकेट खेळतात, एकाच बसने येतात, पण त्यांचे वर्ग, शिक्षक आणि स्नेहसंमेलने वेगळी असतात. काही गावांत तर मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत. तरीही दोन्हीकडची मुले मिळून एखादे काम करतील असा एकही तास वेळापत्रकात नाही.

२०१५ च्या कायद्याने मराठी माध्यमाची मुले शाळेत कन्नड शिकतात. उत्तरपत्रिकेत ती भाषा नीट उतरतेही. बाजारात कुणी समोर उभे राहिले की मात्र जीभ अडखळते, कारण चुकले तर हसतील ही भीती असते. कन्नड माध्यमाच्या मुलाला शेजारच्या गल्लीतली मराठी कानावर पडते, पण बोलायचे निमित्त मिळत नाही. नाटक इथे उपयोगी पडते, त्याचे कारण साधे आहे. समोरच्याचे वाक्य कान देऊन ऐकल्याशिवाय आपल्या वाक्याची वेळ कळत नाही. दुसऱ्याची भाषा ऐकली नाही तर प्रवेशच चुकतो. भाषणातून किंवा निबंधस्पर्धेतून ही गरज निर्माण होत नाही.

या मातीला हे नवे नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्यामागे उत्तर कन्नडातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींनी सांगलीत केलेला खेळ होता. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. पुढे मराठी मंडळ्यांची उत्तर कर्नाटकातली चलती पाहून गदगच्या शांतकवींनी १८७० च्या दशकात कन्नड नाटक मंडळी उभी केली. आपल्या खात्याच्या बेळगावातल्या रंगमंदिराला ज्यांचे नाव आहे ते कुमार गंधर्व सुळेभावीच्या कन्नड घरात जन्मले आणि मराठी रसिकांनी त्यांना आपले मानले. अशा जिल्ह्यात दोन्ही भाषांच्या मुलांना एकत्र तालीम करायला जागा नसावी, हे आम्हाला फार लागते.

आता मागणी. पहिल्या वर्षी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी या चार तालुक्यांत प्रत्येकी एक कार्यशाळा घ्यावी: १२ दिवस, रोज ५ तास, त्यानंतर ४ गावांत प्रयोग. ती जमली तर दुसऱ्या वर्षी हल्याळ आणि भालकी. एकदम सगळ्या तालुक्यांत घेतली तर प्रशिक्षक पुरणार नाहीत आणि काम नावापुरते उरेल.

गट २४ जणांचा असावा: १० मराठी, १० कन्नड आणि ४ उर्दू किंवा कोकणी घरांतले, निम्म्या मुली. एका शाळेतून तिघांपेक्षा जास्त नकोत. पाच-सहा मित्र एकत्र आले की ते कोपरा धरतात आणि बारा दिवस त्या कोपऱ्यातच राहतात. निवड शिक्षकांवर सोडू नये, कारण मग संमेलनात दरवर्षी चमकणारी मुलेच येतात. इच्छुकांची नावे घेऊन चिठ्ठ्या काढाव्यात. न बोलणाऱ्या मुलाला इथे येण्याची गरज जास्त असते.

प्रशिक्षक दोन हवेत, एक कन्नड आणि एक मराठी. दोन्ही भाषा येणारा एकच माणूस नेमून पैसे वाचवण्याचा मोह होईल, तो टाळावा. एकटा प्रशिक्षक ज्या भाषेत रागावतो ती भाषा हुकमाची होते आणि दुसरी आपोआप खाली बसते. कन्नड बाजूला धारवाडचे रंगायण ही सरकारी नाट्यसंस्था आणि हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेतून शिकून गेलेली मंडळी आहेत. मराठी बाजूला बेळगाव-खानापुरातल्या हौशी रंगभूमीवर अनेक वर्षे काम केलेली माणसे आहेत. खात्याच्या मानधन यादीत त्यांना जागा द्यावी, एवढेच.

पहिले तीन दिवस संवाद नकोत. चालणे, थांबणे, आरसा होणे, पाच जणांनी मिळून एक बस होणे. मग ध्वनिसाम्याचे खेळ. प्रशिक्षक ‘केळि!’ म्हणतो. कन्नडात ते ‘ऐका’, मराठीत ते फळ. कन्नड मुले कानाला हात लावतात, मराठी मुले साल सोलतात, मग अदलाबदल. ‘नायि’ म्हणजे कन्नडात कुत्रा, मराठी कानाला ‘नाही’. ‘कालु’ म्हणजे पाय, आमच्या कानाला ‘काल’. दहा मिनिटांत सगळे हसतात, आणि हसतात ते शब्दाला, माणसाला नाही.

वाक्ये पाठ करताना खरी अडचण लिपीची येते, आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मराठी मूल कन्नड संवाद देवनागरीत उतरवते. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ वेगळे आहेत. आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो फरक दिसत नाही. ऱ्हस्व ‘ओ’चा ‘कोडु’ म्हणजे दे, दीर्घ ‘ओ’चा ‘कोडु’ म्हणजे शिंग. वहीत दोन्ही सारखेच. उलट कन्नड मूल मराठी वाक्य कन्नड लिपीत लिहिते तेव्हा ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च एक होतात, ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतला ज एक होतो. प्रेक्षक हसतात, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी हळू आवाजात बोलू लागते. म्हणून संहिता वाटूच नये. प्रत्येक मुलाला दुसऱ्या भाषेचा एक सोबती द्यावा. त्याने वाक्य म्हणायचे, याने ऐकून म्हणायचे, फोनवर ध्वनिमुद्रित करून घरी ऐकायचे. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत उच्चार बसतात. त्याहून मोलाचे म्हणजे दोघांत बोलणे सुरू होते.

दुसरा सापळा भाषांतराचा. प्रत्येक वाक्य दोनदा म्हटले तर वीस मिनिटांचे नाटक चाळीस मिनिटांचे होते आणि प्रेक्षक आपल्या नसलेल्या भाषेच्या वेळी शेजाऱ्याशी गप्पा मारतो. त्याऐवजी प्रत्येक प्रसंगाची एक यजमान भाषा ठरवावी. दुसऱ्या भाषेचे पात्र त्यात प्रश्न विचारेल, चुकीचे समजेल, हाताने दाखवेल. कथेला अत्यावश्यक असलेली माहिती, म्हणजे कोण, कुठे, काय हरवले, ती कृतीतून किंवा एखाद्या वस्तूतून कळली पाहिजे. कळत नसेल तर प्रसंग कच्चा आहे, भाषा दोषी नाही.

दोन्ही भाषा सफाईने बोलणारी दोन-तीन मुले प्रत्येक गटात असतात. ती आपसूक दुभाषी होतात, मग पुढारी होतात, आणि बाकीचे प्रयत्न सोडतात. रोज एक तास दुभाषा बंद ठेवावा. त्या तासात गोंधळ होतो, होऊ द्यावा.

भूमिकांचे वाटप डोळ्यांत तेल घालून करावे. मराठी मुलांकडे अन्याय सोसणारा आणि कन्नड मुलांकडे कंडक्टर किंवा पोलीस, किंवा याच्या उलट, असे झाले की नाटक कोणत्या बाजूचे हे गावाला पहिल्या मिनिटात कळते आणि संवाद तिथेच संपतो. कुणाच्याही हेलावर विनोद नको, हा नियम पहिल्या दिवशी दोन्ही भाषांत सांगावा. उर्दू बोलणाऱ्या मुलाला दरवेळी फळवाला करू नये.

प्रयोगासाठी आम्ही फोरम थिएटरची पद्धत सुचवतो. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ती घडवली. पंधरा ते अठरा मिनिटांचा प्रसंग आधी सरळ, वाईट शेवटापर्यंत होतो: सरकारी अर्ज न वाचता येणारी आजी, वसतिगृहातली खोली, क्रिकेट संघाची निवड. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांतला कुणीही ‘थांबा’ किंवा ‘निल्लि’ म्हणून पुढे येतो, एका पात्राची जागा घेतो आणि वेगळे वागून पाहतो. याला आणखी अर्धा तास धरावा. बदलायचे ते सोसणारे पात्र किंवा बघत उभे राहिलेले पात्र. त्रास देणारे नव्हे. त्रास देणाराच बदलला तर तो लगेच माफी मागतो, टाळ्या पडतात आणि कुणाला काहीच सुचलेले नसते. सीमाभागात बघ्याची भूमिका सर्वांत कामाची आहे, कारण बसथांब्यावर बहुतेक आपण तेच असतो. सूत्रधाराने प्रत्येक उपायानंतर ‘आपल्या गावात असे खरेच होईल का?’ हे दोन्ही भाषांत विचारावे. शेवटी सगळ्यांनी हात धरून एकतेचे गाणे म्हणायची सक्ती मात्र करू नये. ते मुलांना खोटे वाटते.

वेळ एप्रिल-मेच्या सुट्टीची. पावसात खानापूरच्या पश्चिम भागात वाटा बंद पडतात. गणेशोत्सवात मुले मंडळांत अडकतात. हिवाळ्यात निपाणी-अथणीकडे उसाची तोड असते आणि पुढे एसएसएलसीची (दहावीची) परीक्षा. १ नोव्हेंबरच्या आगेमागे प्रयोग ठेवू नयेत. एकीकडे राज्योत्सव म्हणजे कर्नाटकाचा स्थापनादिन, दुसरीकडे मराठी संघटनांचा काळा दिन, पालक मुलांना घराबाहेर सोडत नाहीत. प्रयोग संध्याकाळी पाचला सुरू करून सातच्या आत संपवावा, म्हणजे मुली शेवटच्या बसआधी घरी पोहोचतात. राज्य सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींचा बसप्रवास मोफत आहे. मुलांच्या तिकिटाची सोय करावी लागेल.

खर्चाचा अंदाज एका कार्यशाळेचा असा: दोन प्रशिक्षकांना दिवसाला प्रत्येकी १,५०० रुपयांप्रमाणे १६ दिवसांचे ४८,००० रुपये. २४ मुले, दोन प्रशिक्षक आणि ओओडीवर (शाळेबाहेरच्या सरकारी कामावर) आलेली एक शिक्षिका यांच्या जेवणाला माणशी ९० रुपयांप्रमाणे १६ दिवसांचे ३८,८८० रुपये. १२ मुलांचे बारा दिवसांचे बसभाडे, दिवसाला ४० रुपयांप्रमाणे, ५,७६० रुपये. चार प्रयोगांसाठी गाडी २४,००० रुपये. कापड, रंग, साहित्य ८,००० रुपये. एकूण १,२४,६४० रुपये. चार तालुक्यांचे पाच लाखांच्या आत भागते. ध्वनिक्षेपक, दिवे आणि मंडप यांवर एक रुपयाही लागत नाही. शाळेच्या अंगणात तीन बाजूंनी लोक बसले की आवाज पोहोचतो.

जेवण एकत्रच आणि शाळेच्या स्वयंपाकघरातले असावे. डबे आणायला सांगितले की कुणाच्या डब्यात काय यावरून गट पडतात.

फलकाचाही विचार आधीच करावा. कोणती भाषा वर, कोणती खाली, अक्षरे केवढी, यावरून प्रयोगाच्या दिवशी वाद उभा राहू शकतो. आमची सूचना अशी की अक्षरांचा फलकच लावू नये. मुलांनी रंगवलेला चित्रांचा पडदा लावावा. प्रमाणपत्र द्यायचे तर दोन्ही भाषांत, एकाच कागदावर. आणि प्रयोगाआधी सत्कार, हार, भाषणे नकोत. रंग लावून ताटकळलेल्या मुलांची निम्मी ताकद तिथेच जाते. आपण किंवा पालकमंत्री आलात तर आम्हाला फार आनंद होईल. आपण प्रेक्षकांतच बसावे आणि वाटले तर ‘निल्लि’ म्हणून पुढेही यावे.

आदेशाविषयी शेवटची विनंती. तो फेब्रुवारीअखेर बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांच्या उपसंचालकांकडे पोहोचावा, म्हणजे परीक्षेच्या धामधुमीआधी शाळांकडून इच्छुकांची नावे येतील आणि शिक्षिकांचे ओओडी आदेश वेळेत निघतील. आदेश कन्नडात असेलच. त्यासोबत पालकांच्या संमतीपत्राचा नमुना मराठी आणि उर्दूतही जोडावा. मराठी शाळांच्या एसडीएमसीमध्ये (पालकांच्या शाळा समितीत) बसणाऱ्या आयांना तो स्वतः वाचता आला, तर मुलीला पाठवायचे की नाही हे त्या स्वतः ठरवतील.

आपले,
सीमाभागातील काही नाट्यप्रशिक्षक आणि शिक्षक
बेळगाव