पुलाखाली उतरा, साहेब

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बसही गेल्या. तेव्हापासून ‘स्ट्रक्चरल ऑडिट’, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. आमचं म्हणणं एवढंच, की नदीवरचा पूल बहुधा खालून खचतो आणि पाहणी मात्र वरून होते.

पुरात खांबाला आपटलेलं पाणी खाली वळतं, भोवरे धरतं आणि पायालगतची वाळू उपसून नेतं. खड्डा सर्वांत खोल होतो तो पूर ऐन भरात असताना. पाणी ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ भरतो आणि उन्हाळ्यात तळ सपाट दिसतो. हा गाळ भुसभुशीत, भार पेलण्याच्या लायकीचा नसतो. म्हणजे एप्रिलमधली पाहणी आपल्याला फसवते. पूर उतरताच प्रत्येक खांबाभोवती, विशेषतः प्रवाहाच्या वरच्या अंगाला, खोली मोजा. वजन बांधलेली खुणांची दोरीही चालेल. ते आकडे पायाच्या मूळ नकाशाशी ताडून पाहा. पुलाच्या आसपास वाळूउपसा होत असेल तर अख्खा तळच खाली जातो, मग खांबापुरती दगडांची भर घालून भागत नाही.

वरचं दुखणंही आपणच वाढवतो. खड्डे बुजवायचे म्हणून जुना थर न खरवडता त्यावर नवं डांबर ओततात. साडेसात मीटर रुंद रस्त्यावर ५० मिमीचा थर म्हणजे वीस मीटरच्या गाळ्यावर (दोन खांबांमधल्या भागावर) साधारण १७ टन कायमचं ओझं. असे तीन थर झाले की हिशेब तुम्हीच करा! त्याच डांबराखाली एक्स्पान्शन जॉइंट (पुलाला उन्हात फुगायला ठेवलेली फट) गाडला जातो, निचऱ्याचे पाइप बुजतात, पाणी झिरपून बेअरिंग (खांबावर पूल टेकतो ते आधार) आणि सळया गंजतात. दगडी पुलांवरच्या पिंपळाची नुसती छाटणी तर निव्वळ देखावा. मूळ मारून सांधे ग्राउटिंगने, म्हणजे पातळ सिमेंट आत दाबून, भरले नाहीत, तर पुढच्या पावसाळ्यात तो दुप्पट जोमाने फुटतो.

एक काम मात्र याच पावसाळ्याआधी होण्यासारखं आहे. प्रत्येक जुन्या पुलाच्या खांबावर धोक्याच्या पातळीचा लाल पट्टा रंगवा. पाणी तिथे टेकलं की वाहतूक बंद करायचा लेखी अधिकार जागेवरच्या शाखा अभियंत्याला द्या. रात्री दोन वाजता त्याला वरिष्ठांच्या फोनची वाट पाहावी लागू नये.

कळावे,
पुलांच्या देखभालीचं काम जाणणारे काही अभियंते