भेंडीचे हिमकण

ऑटली, यॉर्कशायर
२४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायना बरोबर आहे ना? आईबाबांना ‘तीर्थरूप’ आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, हे तू सातवीत माझ्या डोक्यात असं बसवलंस की अजून हात आपोआप तसाच चालतो.

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "रात्री अकरा वाजता कात्रीचा आवाज कसला येतोय?" आणि मी "काही नाही गं, कार्डं करतेय" म्हणून विषय उडवला. खरं तर तेव्हा टेबलावर साठ कार्डं अर्धवट पडली होती, चिनू झोपायला तयार नव्हती आणि माझ्या अंगठ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लागून बसली होती. आज घरात कुणी नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

इथे आता दुपारी चारच्या आतच दिवेलागण होते. बाहेर पाऊस, वारा, चिखल. त्यामुळे दर मंगळवारी संध्याकाळी गावातल्या बारा-पंधरा बायका आणि दोन आजोबा चर्चच्या हॉलमध्ये जमतात आणि नाताळची कार्डं करतात. शेजारच्या मार्गारेटबाई मला घेऊन गेल्या, त्याला यंदा तीन वर्षं झाली. पहिल्या दिवशी मनात म्हटलं, कागद कापायचे आणि चिकटवायचे, बालवाडीचं काम. मग त्यांनी आपली पेटी उघडली. आपल्याकडे मिसळणाचा डबा असतो ना, तसे कप्पेच कप्पे. एकात शाईच्या गाद्या, एकात ठसे, एकात रिबिनींची रिळं, एकात चिमटीएवढ्या घंटा. खाली नक्षीदार कागदांचे गठ्ठे, रंगवारीने लावलेले. मी गप्प बसून चहा प्यायले.

ठसे दोन जातींचे. जुने लाल रबराचे, लाकडी ठोकळ्यावर बसवलेले. आपल्या तलाठी कार्यालयातल्या शिक्क्यांसारखेच, फक्त सही-शिक्क्याच्या जागी रॉबिन पक्षी. आणि नवे पारदर्शक, जेलीसारखे. ते प्लॅस्टिकवरून सोलून काढायचे आणि काचेसारख्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचे. पलीकडचं सगळं दिसतं, त्यामुळे ठसा वाकडा पडत नाही. पण कोऱ्या ठशावर शाई धरतच नाही, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी थेंब थेंब गोळा होते. त्यावर उपाय म्हणजे आपलं साधं खोडरबर. ते ठशावर हलकं फिरवलं की तुकतुकी जाते आणि शाई एकसारखी बसते.

ठसा उमटवायची वेळ आली तेव्हा मात्र मी सगळ्यांत पुढे. ‘दाब, थांब, सरळ उचल’ हे तुझं वाक्य. इथल्या निम्म्या बायका ठसा दाबताना डोलवतात, कडा भरल्या नाहीत अशी भीती वाटते म्हणून. मग रॉबिनला दोन चोची येतात. मार्गारेटबाईंनी माझा पहिला ठसा उजेडात धरून पाहिला आणि कुठे शिकलीस म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाईला, माझ्या आत्याकडे. ती शाळेत चित्रकला शिकवायची, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवायची. वाई कुठे आहे हे त्यांना समजावायला नकाशा काढावा लागला, तो वेगळाच.

आता माझी फजिती. उठावाचं काम म्हणून एक प्रकार असतो. चिकट, सावकाश वाळणाऱ्या शाईने ठसा मारायचा, ती ओली असतानाच त्यावर सोनेरी भुकटी भुरभुरायची, जास्तीची झटकून परत डबीत ओतायची आणि मग गरम हवेने तापवायची. भुकटी वितळते आणि डोळ्यांदेखत तिचा चकचकीत, बोटाला लागणारा उठाव होतो. त्यासाठी छोटी हीट गन मिळते. मी म्हटलं, घरात केस वाळवायचं यंत्र आहे की. आत्या, त्या यंत्रात वारा फार आणि उष्णता कमी. बटण दाबलं आणि सगळी सोनेरी भुकटी ओट्यावर, नेमकी पोह्यांसाठी चिरून ठेवलेल्या कांद्यावर. पोहे फेकून देताना चिनू म्हणाली, "आई, पोह्यांना जर आली." दुसऱ्या दिवशी मुकाट्याने हीट गन आणली. तेव्हापासून ठसा मारायच्या आधी कागदावर टाल्कम पावडरचा हलका हातही फिरवते. तो फिरवला नाही तर सोनेरी कण भलत्याच जागी चिकटून बसतात आणि रॉबिनला देवी आल्यासारखं दिसतं.

घडीसाठी मात्र तुझीच युक्ती चालवली. इथे हाडाची एक चपटी पट्टी मिळते, पण मी फूटपट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबते आणि मग घडी घालते. जाड कार्ड तीनशे जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचं, ते नुसतं दुमडलं तर पाठीवर भेगा पडतात. आधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघायचा, ज्या बाजूने सहज वाकतो ती त्याच्या धाग्याची दिशा, घडी त्याच दिशेने. एका ए-फोर कागदाची दोन कार्डं निघतात. म्हणजे साठ कार्डांना तीस कागद, वर चुकण्यासाठी पाच. (पाच पुरले नाहीत.)

दोन आजोबांपैकी एक इतिहासाचे निवृत्त मास्तर. ते कार्डं कमी करतात आणि बोलतात जास्त. त्यांनी सांगितलेलं तुला आवडेल. नाताळचं पहिलं छापील कार्ड १८४३ मधलं. हेन्री कोल म्हणून एक खटपट्या सरकारी माणूस होता, पुढे लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम झालं त्याचा पहिला संचालक. १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं, त्या योजनेतही त्याचा हात. टपाल स्वस्त झालं तशी पत्रं वाढली, आणि उत्तरं न देणं म्हणजे असभ्यपणा. साहेबाला वेळ नाही! मग त्याने जॉन हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापून हाताने रंगवून घेतल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाला न परवडणारी. चित्रात घरची थोरलीधाकटी मंडळी मद्याचे पेले उंचावतायत, आणि एका लहान पोरीलाही घोट पाजतायत. त्यावरून दारूबंदीवाले भडकले. दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देतानाची चित्रं, ती बहुधा कुणी पाहिलीच नाहीत.

म्हणजे बघ, कार्डाचा जन्मच मुळी वेळ वाचवण्यासाठी झालेला, आणि आम्ही एकेका कार्डाला पाऊण तास देतो.

रॉबिनचं कोडंही त्यांनीच सोडवलं. मला वाटायचं, थंडीत दिसणारा पक्षी म्हणून तो सगळ्या कार्डांवर. पण त्या काळचे पोस्टमन लाल कोट घालायचे आणि लोक त्यांना ‘रॉबिन’च म्हणायचे. कार्डावर चोचीत पाकीट धरलेला पक्षी म्हणजे दारात आलेला पोस्टमन. दुसरे आजोबा कमी बोलतात. त्यांचे वडील इथल्या छपाईयंत्रांच्या कारखान्यात होते. या गावात १८५८ च्या सुमाराला ‘व्हार्फडेल’ नावाचं छपाईयंत्र तयार झालं, खालच्या व्हार्फ नदीच्या खोऱ्यावरून नाव. अशा गावात आम्ही हाताने एकेक ठसा मारत बसतो, याचं त्यांना फार हसू येतं.

मागच्या वर्षी मी हौसेने प्रत्येक कार्डावर फोमचे तुकडे लावून झाड उचललं, त्यावर रिबिनीची गाठ, गाठीवर घंटा. सुरेख दिसत होतं. इथे साध्या पत्राची जाडी पाच मिलिमीटरच्या वर गेली की ते मोठ्या पत्रात मोजतात आणि तिकीट जास्त लागतं. मला पत्ता नाही. मी आपली साधी तिकिटं लावून अठरा पाकिटं पेटीत टाकली. मग एकेकाचा फोन, "कार्ड फार छान आहे हो, फक्त सोडवून घ्यायला पैसे भरावे लागले." आपल्या शुभेच्छांचं बिल समोरच्याने भरायचं, यापरती नामुष्की नाही. आता बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरची फट पाडून ठेवली आहे. त्यातून पाकीट न अडखळता पार गेलं तरच ते कार्ड पास.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

या महिन्यात हॉलमधल्या बायकांनी आपली मुलं-नातवंडं एक दिवस आणायची ठरवली. मुलांच्या हातात महागडे ठसे कोण देणार? मी म्हटलं, माझ्यावर सोडा. ब्रॅडफर्डच्या वाण्याकडून अर्धा किलो भेंडी आणली. तू सांगायचीस तशी सकाळीच आडवी कापली, काप वर करून जुन्या टॉवेलवर तासभर ठेवली, बुळबुळीतपणा सुकू दिला. गडद निळा कागद, पांढरा रंग बशीत पातळ फडक्यावर ओतलेला, म्हणजे झाली गादी. बायकांनी आधी नाकं मुरडली, मग पहिलं फूल उमटलं तेव्हा खुर्च्या पुढे ओढल्या. निळ्यावर पांढरं, मधे बियांच्या जागी ठिपके, अगदी हिमकण. मी फुशारकीने तसं म्हटलंही.

एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्या हाताखालून कागद ओढून मोजायला लागला. म्हणाला, "हे पाच आहेत. बर्फाला सहा असतात. नेहमी सहाच." आत्या, मला तुझ्या वर्गात फळ्यापाशी उभं केल्यासारखं झालं. तो बरोबर होता, बर्फाचा स्फटिक षट्कोनी, आणि भेंडीला सहसा पाच कप्पे. पण पोरगा तिथे थांबला नाही. त्याने सगळी उरलेली भेंडी एकेक करून कापायला लावली आणि प्रत्येकीचे कप्पे मोजले. अर्धा किलोत सहा कप्प्यांच्या तीनच निघाल्या. बाकी मुलं त्या तीन भेंड्यांसाठी भांडली, कापून कापून शेवटी देठाशी आल्या. मी पुढच्या वर्षीसाठी बटाटा कोरायचं कबूल केलंय.

तू मागे पुण्याहून आणून दिलेले हातकागद अजून आहेत माझ्याकडे, फुलांच्या पाकळ्या घातलेले. मास्तर-आजोबांना सांगितलं की पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे आणि तिथे सुती चिंध्यांचा लगदा करून कागद बनवतात, तर त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ चोळून पाहिला. त्यावर बारीक ठसा नीट उठत नाही हे मात्र खरं, कागद खरबरीत, शाई पसरते. म्हणून ठसा गुळगुळीत तुकड्यावर मारते आणि त्याखाली हातकागदाची चौकट देते. कडा कात्रीने कापत नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढते आणि हलकेच फाडते, तंतू बाहेर येतात. आता दीडच कागद उरलाय. निनाददादा जानेवारीत येतोय ना, त्याच्याबरोबर चार-पाच पाठवशील? गुंडाळून, दुमडून नको.

एक गोष्ट अजून अंगवळणी पडत नाही. एवढं पाऊण तास खपून कार्ड करतात, आणि आत काय लिहितात? वर नाव, खाली नाव. संपलं. मार्गारेटबाईंची यादी सत्तर जणांची, त्यांना जमणार तरी किती म्हणा. मला राहवत नाही. तुझ्या शाळेतल्या वसईच्या बाई दर नाताळात कार्ड पाठवायच्या, त्यात पाठीमागेपर्यंत बारीक अक्षरात मराठी पत्र असायचं, मुलाच्या नोकरीपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत. कार्ड म्हणजे ते, असं माझ्या डोक्यात बसलंय. मी इथल्यांनाही चार ओळी लिहितेच. मार्गारेटबाई म्हणतात, तुझं कार्ड वाचायला चष्मा शोधावा लागतो.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला तेल लावतेस ना? काकांना नमस्कार, निनाददादाच्या पिल्लांना गोड पापा.

तुझी भाची,
मनू

ता. क. तुझं कार्ड वेगळ्या पाकिटात निघालंय. ते फटीतून पास झालं नाही, सहा मिलिमीटर भरलं, म्हणून मोठ्या पत्राचं तिकीट लावलं आहे. पोस्टमन पैसे मागायला लागला तर देऊ नकोस. आणि त्यावरचा हिमकण पाच पाकळ्यांचाच आहे, मोजत बसू नकोस. सहावाल्या पोरांनी संपवल्या.